टेबलावरून उतरलेले यंत्र

वाचकहो, संगणकाच्या पडद्यावर कागद, फोल्डर आणि कचऱ्याचा डबा दिसतो. कचेरीतले हे सामान यंत्राच्या पोटात आले कसे, असा प्रश्न आपल्याला कधी पडला आहे का?

पूर्वी यंत्राला ठरावीक हुकूम टंकून द्यावे लागत. एक अक्षर चुकले की काम अडे! ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाने सॅन फ्रान्सिस्कोत ‘माऊस’ हाती धरून पडद्यावरचा मजकूर हलवून दाखवला. पुढे कॅलिफोर्नियातच झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात १९७३ साली ‘आल्टो’ हे यंत्र तयार झाले. झेरॉक्सचे गिऱ्हाईक म्हणजे कचेऱ्या. तेव्हा तिच्या संशोधकांनी पडद्यालाच टेबलाचे रूप दिले, यात नवल ते काय? १९८१ च्या ‘स्टार’वर तर टपालाच्या आवक-जावक पेट्याही होत्या. पण त्याची किंमत सोळा हजार डॉलरांच्या वर! अॅपलचा ‘मॅकिंटॉश’ १९८४ मध्ये २,४९५ डॉलरांना आला, आणि हे टेबल घरोघर जाऊ लागले.

टेबलाचा एक मोठा गुण असा, की सारे डोळ्यांपुढे असते. डब्यात चुकून टाकलेला कागद, डबा रिकामा होण्याआधी, परत काढता येतो. पण ज्याने कचेरीच पाहिली नाही, त्याला फोल्डरची खूण काय कळणार?

झेरॉक्सच्याच केंद्रातील मार्क वायझर यांनी १९९१ साली निराळा विचार मांडला. दुकानावरची पाटी आपण सहज वाचतो, लिपीकडे लक्षही जात नाही. तसे यंत्रही भोवतालात मिसळून जावे, असे त्यांचे म्हणणे. २००७ साली आयफोन आला आणि बोट हेच साधन झाले. आता तर फोनशी मराठीत बोलता येते. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही दार उघडले. ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र इथेच सावध राहायला हवे, बरं का! बोललेला शब्द टेबलावरच्या कागदासारखा समोर राहत नाही. ‘सात हजार पाठव’ म्हटले आणि यंत्राने ‘साठ हजार’ ऐकले तर? म्हणून काम करण्यापूर्वी आपण काय ऐकले ते यंत्राने सांगावे, दाखवावे, आणि चूक मागे घेऊ द्यावी. टेबल गेले तरी चालेल. त्याने दिलेली ही सोय जाता कामा नये. शिक्षकमित्रहो, यंत्राशी बोलायला मुले आपोआप शिकतील. ‘तू काय ऐकलेस?’ असे त्याला विचारायला मात्र आपणच शिकवले पाहिजे.