मार्चिंग 100 : ज्याला बँडमध्ये जागा मिळाली नाही, त्याने घडवलेला बँड

14 जुलै 1989. फ्रेंच राज्यक्रांतीला 200 वर्षं झाली म्हणून पॅरिसमध्ये भव्य संचलन निघालं होतं. त्यात अमेरिकेकडून एका विद्यापीठाचा बँड आला होता. या बँडची मुलं हातातली वाद्यं वाजवत शाँझेलिझेसारख्या जगप्रसिद्ध रस्त्यावर चक्क मूनवॉक करत होती.

हा बँड होता फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाचा 'मार्चिंग 100'.

कृष्णवर्णीयांची वेगळी विद्यापीठं का?

अमेरिकेत गुलामगिरी 1865 मध्ये संपली, पण दक्षिणेकडच्या राज्यांत वर्णभेद कायम राहिला. गोऱ्यांच्या महाविद्यालयांचे दरवाजे कृष्णवर्णीय मुलांसाठी बंद होते. म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र संस्था उभ्या राहिल्या. 1964 पूर्वी स्थापन झालेल्या अशा संस्थांना 'ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठं' म्हणतात. आजही त्यांची संख्या शंभरच्या आसपास आहे.

फ्लोरिडा ए अँड एम त्यांपैकीच एक. 1887 मध्ये टॅलाहासी शहरात 15 विद्यार्थी आणि 2 शिक्षकांवर ते सुरू झालं. पाचच वर्षांत, म्हणजे 1892 मध्ये, तिथे बँडही आला.

विल्यम फॉस्टर कोण होते?

या बँडची आजची ओळख घडवली ती विल्यम फॉस्टर यांनी. 1919 मध्ये कॅन्ससमध्ये जन्मलेले फॉस्टर तिथल्याच कॅन्सस विद्यापीठात संगीत शिकले. पण वर्णामुळे त्यांना विद्यापीठाच्या मार्चिंग बँडमध्ये प्रवेश नव्हता. वाद्यवृंदाचा संचालक व्हायचंय, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा कृष्णवर्णीय संचालकाला या देशात नोकरी मिळत नाही, असं उत्तर मिळालं.

ते उत्तर फॉस्टर यांच्या जिव्हारी लागलं. गोऱ्यांच्या कोणत्याही बँडच्या तोडीस तोड बँड उभा करायचा, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. 1946 मध्ये ते टॅलाहासीला आले आणि 1998 पर्यंत, तब्बल 52 वर्षं, या बँडचे संचालक राहिले.

या बँडमध्ये वेगळं काय?

त्या काळात विद्यापीठांचे बँड लष्करी कवायतीसारखे चालत. ताठ रांगा, मोजून पावलं आणि मार्चच्या धून. फॉस्टर यांनी कवायतीची शिस्त तशीच ठेवली, पण तिला नाचाची जोड दिली. मांडी जमिनीला समांतर येईपर्यंत गुडघा उचलायचा. कधी अंत्ययात्रेसारखं अगदी संथ चालायचं, तर कधी जवळजवळ धावत मैदानात शिरायचं. वाजवायची ती लोकांच्या ओठांवरची गाणी.

हे दिसतं तितकं सोपं नाही. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन फुंकून वाजवायचे असतात. नाचताना धाप लागली, की सूर तुटतो. सुझाफोनसारखं अवजड वाद्य तर अंगाभोवती गुंडाळूनच नाचावं लागतं. म्हणून वाद्यावरचा हात जितका पक्का, तितकाच दम लागतो. रोज तासन् तास सराव चालतो तो यासाठीच.

या विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्यात मध्यंतर झालं, तरी प्रेक्षक जागेवरून हलत नाहीत. खरा सामना दोन बँडमधलाच, असं मानणारे कमी नाहीत. खेळ संपल्यावरही दोन्ही बँड समोरासमोर गाण्याला गाण्याने उत्तर देतात. खेळाचे डाव चार, म्हणून या जुगलबंदीला 'पाचवा डाव' म्हणतात.

मार्चिंग 100 ने 1969 च्या सुपर बोलमध्ये वादन केलं. 1985 मध्ये मार्चिंग बँडसाठीची मानाची 'सडलर ट्रॉफी' त्यांना मिळाली. बिल क्लिंटन यांच्या दोन्ही शपथविधींच्या संचलनात ते होते. नावात 100 असले, तरी सदस्य त्याच्या काही पट झाले. ज्यांना संचालकाची नोकरी मिळणार नाही असं सांगितलं गेलं होतं, ते फॉस्टर पुढे अमेरिकन बँडमास्टर्स असोसिएशनचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले.

2011 मध्ये काय घडलं?

या बँडच्या इतिहासात एक काळं पानही आहे. 19 नोव्हेंबर 2011 ला ऑर्लँडोत सामना झाला. त्या रात्री हॉटेलबाहेर उभ्या असलेल्या बसमध्ये रॉबर्ट चॅम्पियन या 26 वर्षांच्या ड्रम मेजरला सहकाऱ्यांनी मारहाण केली. बसच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत मार खात जायचं, अशी ती 'प्रथा' होती. त्या मारहाणीत त्याचा जीव गेला.

आपण ज्याला रॅगिंग म्हणतो, त्याला अमेरिकेत 'हेझिंग' म्हणतात. मार सोसला, की तू आमच्यातला झालास, अशी ही समजूत. मारणारे आणि मार खाणारा एकाच बँडचे, एकाच गणवेशातले होते. दारं बंद असलेल्या मुलांना आपलेपणा देणाऱ्या बँडमध्येच आपलेपणाची अशी किंमत वसूल होत होती.

बँडवर बंदी आली. बँडचे संचालक निवृत्त झाले, विद्यापीठाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. डझनाहून अधिक जणांवर गुन्हे दाखल झाले आणि एकाला सहा वर्षांहून अधिक तुरुंगवासाची शिक्षा झाली. 2015 मध्ये विद्यापीठाने चॅम्पियन कुटुंबाची माफी मागून 11 लाख डॉलरची भरपाई मान्य केली.

आज बँड कुठे आहे?

2013 मध्ये नवे नियम लागू करून बँड पुन्हा मैदानात उतरला. पूर्णवेळ विद्यार्थ्यांनाच बँडमध्ये घ्यायचं, हा त्यातला एक नियम. पुनरागमनाचा पहिला सामनाही ऑर्लँडोतच झाला. 2022 मध्ये लुई व्हितॉनच्या फॅशन शोसाठी हा बँड पुन्हा पॅरिसला गेला.

2002 मधला 'ड्रमलाइन' चित्रपट किंवा 2018 मधला बियॉन्सेचा कोचेलाचा कार्यक्रम तुम्ही पाहिला असेल, तर या विद्यापीठांच्या बँडची झलक तुम्ही आधीच पाहिली आहे. फॉस्टर 2010 मध्ये वारले. त्यांनी रुजवलेली चाल मात्र आज अमेरिकेतल्या असंख्य शाळा-महाविद्यालयांच्या बँडमध्ये दिसते.