मोमीनपुऱ्याची वेस

अंकोरवाट पाहून आलेले लोक दोन गोष्टी हटकून सांगतात. पाण्यात पडलेलं देवळाचं प्रतिबिंब, आणि मग एखाद्या दिवशी दाखवलेलं रेशीम विणणाऱ्यांचं गाव. कंबोडियातल्या सहलींचा हा साचाच झाला आहे: आधी ख्मेर राजांची देवळं, मग कारागिरांची गावं. अंकोरवाटच्या भिंती साफ करायला १९८६ ते १९९३ या काळात आपलं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खातं गेलं होतं. लोणारचं दैत्यसूदन मंदिरही याच खात्याच्या ताब्यात आहे.

गेल्या हिवाळ्यात मी बुलढाणा जिल्ह्यात अशीच तीन दिवसांची सहल केली. सिंदखेडराजा, लोणार, मेहकर. सोबत गाइड होता, माहितीचा आणि उत्साही. देवळं भरपूर पाहिली. कारागिरांचं गाव मात्र कार्यक्रमात एकही नव्हतं. ते का नसावं, हा प्रश्न मनातून जाईना.

सिंदखेडराजात इतिहासाला नाव-गाव आहे. लखुजीराव जाधवांचा वाडा, तिथं १२ जानेवारी १५९८ रोजी झालेला जिजाऊंचा जन्म, १६२९ साली दौलताबादेत लखुजीरावांचा झालेला खून, त्यांची भव्य समाधी. घराणं आहे, तारखा आहेत. पण नीलकंठेश्वराच्या जुन्या देवळाशी आलो की हे सगळं संपतं आणि एकच शब्द उरतो: हेमाडपंती.

हेमाद्री हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. चुन्याशिवाय घडीव दगडात दगड बसवून बांधलेल्या देवळांना त्याचं नाव चिकटलं. त्यातली कित्येक त्याच्या आधीची आहेत. या नावानं एक सोय झाली. ज्यांनी दगड खाणीतून काढले, घडवले आणि वर चढवले, त्या पाथरवटांबद्दल काही विचारायची गरजच राहिली नाही. अंकोरवाट 'सूर्यवर्मन्‌नं बांधलं' म्हणतात, तसंच हे.

लोणारचं दैत्यसूदन मंदिर तारकाकृती आहे, छतावर लवणासुराची कथा कोरली आहे. अंकोरवाटही मुळात विष्णूचंच, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. गाइडनं आम्हाला हे देऊळ निगुतीनं दाखवलं, मग सरोवरावर नेलं. उल्का कशी आदळली, बेसाल्टमध्ये पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद विवर कसं झालं, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी कसं झालं, सगळं सांगितलं. खाराबद्दल मात्र काही नाही.

आणि लोणारचं पोट या खारावर चालत आलं होतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'ऐन-इ-अकबरी'त अबुल फजलनं लिहून ठेवलं आहे की इथं काच आणि साबण करायला लागणारा माल मिळतो, आणि सोऱ्यापासून सरकारला चांगलं उत्पन्न येतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की काठावर खार धरायचा. तो गोळा करणाऱ्यांकडे त्याच्या जातींना नावं होती: डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. कुठला साबणाला, कुठला बांगड्यांच्या काचेला, कुठला पापडाला. आज सरोवर अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही. त्याचं रक्षण व्हायलाच हवं. पण फलकावर विवराचं वय लिहिताना खार काढणाऱ्यांसाठी एक ओळ लिहायला जागा कमी पडली नसती.

तिसऱ्या दिवशी मेहकर. १८८८ साली जमिनीतून निघालेली शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातली मूर्ती माणसाच्या दुपटीच्या आसपास उंच आहे. पाहताना मान वर करावीच लागते. तिथून निघताना मी गाइडला म्हटलं, "दादा, मोमीनपुऱ्याकडून जाऊ या का?" तो म्हणाला, "तिथं बघण्यासारखं काही नाही, सर."

मोमीन म्हणजे विणकर. १८७० साली ए. सी. लायल यांनी संपादित केलेल्या वऱ्हाडच्या गॅझेटियरात मेहकरच्या मोमिनांची नोंद आहे. पंधराव्या शतकात ते इतके सधन होते की गावाला तटबंदी घालायचं काम त्यांनी स्वतःच्या पैशानं हाती घेतलं, आणि मोमीनपुऱ्याच्या वेशीवर तसा लेख कोरला. मेहकरच्या धोतरांना मोठं नाव होतं. जिल्हाभर राजे, मंत्री, सरदार यांच्या खुणा पाहत आल्यावर इथं प्रथमच हात चालवणाऱ्या माणसांनी आपलं काम दगडात नोंदवलं होतं. बघण्यासारखं म्हणतात ते आणखी काय असतं?

पुढे पेंढाऱ्यांच्या लुटी आणि १८०३ चा दुष्काळ यांनी गाव खचलं. आणि ज्या वर्षी हे गॅझेटियर छापलं गेलं, त्याच १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या रेल्वे फाट्याचं उद्‌घाटन केलं. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं, १९०५ साली ते बुलढाण्यात आलं. या फाट्यावरून वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि तिथून विलायतेला जाऊ लागला, आणि गिरणीचं कापड स्वस्तात परत येऊ लागलं. कापूस पिकवणाऱ्या मुलखात विणकराला सूत आणि गिऱ्हाईक दोन्ही राखणं कठीण झालं. देवळं पडली तर दगड तरी उरतात. माग थांबला की काहीच उरत नाही.

कंबोडियातलं रेशमाचं गाव 'परंपरेनं' आपोआप टिकलेलं नाही. १९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या राजवटीत तिथले असंख्य कारागीर मारले गेले, देशोधडीला लागले. नव्वदच्या दशकात शाळा काढून तरुणांना दगड कोरायला, रेशीम विणायला पुन्हा शिकवण्यात आलं. आज पर्यटक पाहतात ते कुणीतरी ठरवून उभं केलेलं आहे.

आपल्याकडे एवढं मोठं काही लगेच होईल असं नाही. पण सहलीचा कागद बदलायला पैसे लागत नाहीत. लोणारला खाराची चार नावं सांगावीत. मेहकरला बालाजीच्या दर्शनानंतर मोमीनपुऱ्याकडे पंधरा मिनिटं वळावं, आणि हा तट विणकरांच्या पैशातून उभा राहिला, एवढं एक वाक्य तिथं उभं राहून मोठ्यानं म्हणावं.