सर्पगंधा, सेरोटोनिन आणि किशोरांचा मेंदू

१/ नैराश्याने ग्रासलेली काही किशोरवयीन मुले मरणाचा हेतू नसतानाही स्वतःला इजा करून घेतात. या वर्तनाचे मूळ मेंदूत शोधण्याच्या इतिहासाचा एक धागा मुंबईतून जातो.

२/ सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडले. १९५२ मध्ये या वनस्पतीतून रेसर्पिन वेगळे काढले गेले. पण ते घेणारे काही रुग्ण खिन्न होऊ लागले. १९५५ च्या सुमारास अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेला आढळले, की रेसर्पिनमुळे सेरोटोनिनचा साठा रिता होतो. खिन्नतेला रासायनिक कारण असावे, ही कल्पना येथून बळावली. (रेसर्पिनने नैराश्य येतेच, हा समज पुढे बराच डळमळला, कल्पना मात्र टिकली.)

३/ या काळात किशोर कुठे होते? मुलांना खरे नैराश्य येऊच शकत नाही, असे अनेक मनोविश्लेषक मानत. १९७१ मध्ये स्टॉकहोमच्या युरोपीय बालमनोविकार परिषदेने हाच विषय मध्यवर्ती ठेवला, तेव्हा कोंडी फुटू लागली.

४/ १९७६ मध्ये त्याच शहरात मारी ओसबर्ग यांच्या गटाने ६८ नैराश्यग्रस्तांच्या मेरुद्रवाची तपासणी केली. ज्यांच्यात सेरोटोनिनच्या विघटनातून उरणारे द्रव्य कमी होते, त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न अधिक आढळले. हा पुरावा आत्महत्येच्या प्रयत्नांचा होता. मरणाचा हेतू नसलेल्या इजेचा नव्हे.

५/ १९९९ मध्ये जे गीड यांच्या गटाने मुलांच्या मेंदूची एमआरआय चित्रे वर्षानुवर्षे घेऊन दाखवले, की कपाळामागील भागातील करडे द्रव्य अकरा-बारा वर्षांपर्यंत वाढते, मग घटू लागते. आवेगाला आवर घालणे, पर्याय तोलणे, ही कामे याच भागाची. त्याची घडण विशीतही चालू असते.

६/ २००४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने २४ चाचण्यांतील सुमारे ४,४०० मुलांची माहिती तपासली. नैराश्यविरोधी औषधे घेणाऱ्यांत आत्महत्येचे विचार वा वर्तन सुमारे ४ टक्के, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत २ टक्के. मृत्यू एकही नव्हता. औषधांच्या वेष्टनावर काळ्या चौकटीतला इशारा आला. तो बारीक देखरेखीसाठी होता, बंदीसाठी नव्हे. हा फरक वृत्तांकनात अनेकदा हरवला.

७/ आत्महत्येचा हेतू नसलेल्या इजेला अमेरिकी मनोविकार संहितेत स्वतंत्र नाव मिळाले ते २०१३ मध्ये, तेही ‘अधिक अभ्यास आवश्यक’ या विभागात. तोवर ती मुख्यतः एका व्यक्तिमत्त्व-विकाराचे लक्षण म्हणून नोंदली जाई.

८/ हे वाचताना कुणी जवळचे आठवले असेल, तर टेलि-मानस : १४४१६.