शहरवाल्या, लष्करवाल्या आणि फसली १३२९

मुसी नदीच्या काठावरची हैदराबाद हायकोर्टाची इमारत १९१९ मध्ये बांधून पुरी झाली. त्याच सुमारास, फसली १३२९ मध्ये, निजाम सरकारने हिजड्यांविषयी एक कायदा केला. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे इमारत आणि कायदा जवळजवळ एका वयाचे. इमारत बघायला लोक अजून थांबतात. कायद्याकडे मात्र कोणी फिरकत नसे. निजामाचं राज्य गेलं, १९५६ मध्ये मराठवाडा तुटून मुंबई राज्यात गेला, आणि या कायद्यावर ‘आंध्र प्रदेश (तेलंगणा क्षेत्र)’ अशी नवी पाटी लागून तो पुस्तकात तसाच पडून राहिला.

मी या शहराच्या दिवाणी कोर्टांत वकिली करून म्हातारा झालो. आमचं घर सुलतान बाजारातलं, आजोबा निजामाच्या माल खात्यात कारकून. त्यामुळे घरात मराठी, दारात दखनी आणि दप्तरात उर्दू, असं तिन्हीशी लहानपणापासून जमलेलं. जुने उर्दू कागद वाचता येतात म्हणून माझ्याकडे पक्षकार यायचे. ऐंशीच्या दशकात एक बाई आली ती त्याच वाटेने. ती हिजडा होती, मूळची परभणीकडची. तिची गुरू वारली होती. जुन्या शहरातलं घर गुरूच्या नावावर, मृत्युपत्र नाही, आणि गुरूच्या भावाची मुलं दावा घेऊन उभी. चेले त्याच घरात आयुष्यभर राबलेले. पण वारसाच्या यादीत चेल्याला जागा नाही. दुसऱ्या बाजूच्या वकिलाने चिडून फसली १३२९ चा कायदा वर काढला, तेव्हा मी तो पहिल्यांदा नीट वाचला.

कायदा लहान, पण नमुनेदार. हिजडा कोण? तर पुरुष असून नपुंसक असल्याचं जो स्वतः कबूल करतो, किंवा वैद्यकीय तपासणीत जो उघड तसा दिसतो, तो. मुलं पळवणं, खच्चीकरण करणं, ‘अनैसर्गिक’ गुन्हे करणं असला ज्यांच्यावर संशय, अशा शहरातल्या हिजड्यांची नावं आणि पत्ते एका रजिस्टरात. नाव चढलं की बाईच्या कपड्यांत किंवा दागिने घालून रस्त्यावर, किंवा रस्त्यावरून दिसेल अशा जागी सापडणं हाच गुन्हा. नाचणं, वाजवणं, जाहीर तमाशात भाग घेणंही त्यातच. वॉरंटशिवाय अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. सोळा वर्षांखालचा मुलगा घरात आढळला तर तेही तसंच.

हे निजामाच्या मंत्र्यांच्या डोक्यातून निघालं नव्हतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांचं रजिस्टर होतं. त्या कायद्याने नोंदलेल्या हिजड्याला मृत्युपत्र करायचा, दान द्यायचा, कोणाचं पालक व्हायचा, दत्तक घ्यायचा हक्कही नाकारला. गुरूकडून चेल्याकडे जाणारी मिळकत जिथे अडते, नेमकं तिथे बोट ठेवलं होतं. आपल्या मराठी मुलखात तर त्याआधीच हे घडून गेलं होतं. मराठेशाहीत हिजड्यांना सनदा होत्या, कुठे जमीन, कुठे गावागावांतून थोडी रक्कम गोळा करायचा हक्क, आणि त्याचा वारसा गुरूकडून चेल्याकडे चाले. मुंबईच्या कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याकडे नाक मुरडलं आणि ते हक्क मोडीत काढले. वतनदार माणूस पन्नास वर्षांत संशयित झाला.

असल्या विषयावर लिहिताना लोक मलिक काफूर आणि निजामाच्या जनानखान्यातल्या ख्वाजासरांपासून सुरुवात करतात. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. ख्वाजासरा लहानपणी दुसऱ्यांनी खच्ची केलेले, विकलेले गुलाम. तू कोण, असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. मला त्यांच्याविषयी बोलायचंय ज्यांनी स्वतः हा प्रश्न विचारला आणि या शहरात येऊन त्याचं उत्तर मिळवलं. कायद्याला माणूस ओळखायचे दोनच रस्ते ठाऊक होते, कबुली आणि तपासणी. चारमिनारच्या आसपासच्या गल्ल्यांत तिसरा रस्ता चालू होता.

हैदराबादेत हिजड्यांची घरं दोन : शहरवाला आणि लष्करवाला. शहर म्हणजे मुसीकाठचं जुनं हैदराबाद; लष्कर म्हणजे हुसेनसागरापलीकडचं सिकंदराबाद, १८०६ मध्ये सिकंदर जाहाच्या नावाने वसलेली इंग्रजांची छावणी. आमच्याकडे सिकंदराबादच्या बोनालूला, देवीच्या जत्रेलाही, लष्कर बोनालूच म्हणतात. घर म्हणजे इथे भिंती नव्हेत, कूळ. नायक, गुरू, चेले, गुरुभाई, नातीचेले असं सगळं गोत. बधाईचे, म्हणजे बारशा-लग्नाच्या घरी नाचून-गाऊन मागायच्या ओवाळणीचे, इलाके या घरांत वाटलेले. दुसरीच्या इलाक्यात ढोलक वाजली तर पंचायत बसते आणि दंड भरावा लागतो.

गायत्री रेड्डी या संशोधक बाई नव्वदच्या दशकात या दोन्ही शहरांत हिजड्यांबरोबर राहिल्या. त्यांचं पुस्तक २००५ मध्ये शिकागो विद्यापीठाने छापलं. हैदराबादेत हिजडा हे एकच नाव नाही, हे त्यांनी नीट मांडलंय. बधाई मागणाऱ्या वेगळ्या, धंदा करणाऱ्या वेगळ्या, देवीच्या जोगिणी वेगळ्या, जनाने वेगळे, आणि साडी न नेसणारे, लग्न करून संसार करणारे, संध्याकाळी मात्र आपल्या माणसांत येऊन मोकळे होणारे कोती आणखी वेगळे. एकच माणूस आयुष्यात यातल्या दोन-तीन पायऱ्यांवर राहून गेलेला असतो. कोण किती खरा, हे ठरतं इज्जतीवर. कोणाची चेला आहेस, रीत पाळतेस का, कमाई कसली. शरीराची गोष्ट येते, पण तीच एक गोष्ट नसते.

माझ्या पक्षकार बाईने हेच मला चेंबरमध्ये बसून सांगितलं, रेड्डीबाईंच्या पुस्तकाच्या कितीतरी आधी. तिची बोली अर्धी परभणीची, अर्धी दखनी.

“लोकांना वाटतं आरशात बघून कळतं. मला ठेसनावर कळलं, वकीलसाब,” ती म्हणाली होती. गावात तिला बाईल्या म्हणत. तो शब्द शिवीचा. त्यातून आपण काय नाही एवढंच कळतं. नदीवर पोरींबरोबर धुणं धुवायला जावंसं वाटे, बापाचा मार खाई. मग एकदा परभणीच्या फलाटावर मनमाडची गाडी उभी होती. टाळ्या वाजवत डब्यातून उतरलेली एक हिजडा तिच्याजवळ येऊन थांबली आणि हळूच म्हणाली, “तू आमच्यातली हायेस ना?”

“मी नाही म्हनले. आन् गाडी सुटली तसं रडू आलं.”

पुढे काही महिन्यांनी ती त्याच मीटरगेजने काचीगुड्याला उतरली. लगेच हिजड्यांत गेली असं नाही. आधी एका इराणी हॉटेलात कपबशा विसळल्या, शर्ट-पँटीतच. संध्याकाळी कोती जमत तिथे जाऊन बसायची. तिथल्या गप्पांत तिला एकेक गोष्टीची नावं मिळाली : हे असं असतं, याला असं म्हणतात, अमकी तशी आहे, तू बहुतेक तमकी. ती म्हणे, पहिल्यांदा मला हसायला येत होतं तेव्हा दुसरं कोणीतरी त्याच गोष्टीला हसत होतं.

गुरू केली ती त्यानंतर. नायकासमोर रीत झाली, नवं नाव मिळालं, ते मुसलमानी. घरात बहुचरा मातेची पूजा, मोहरममध्ये बीबीच्या अलमला हजेरी, आणि माहूरच्या रेणुकेला नारळ, हे तिन्ही तिने शेवटपर्यंत केलं आणि त्यात काही विसंगत आहे असं तिला कधी वाटलं नाही. गुरूच्या घरी भांडी, स्वैपाक, गुरूचे पाय चेपणं. त्याबरोबर पदर कसा सावरायचा, दारात उभं कसं राहायचं याचं शिक्षण. टाळी तिला लवकर जमली नाही. बोटं पसरून तळवे आडवे आपटायचे, आवाज पोकळ आला पाहिजे. साधी टाळी वाजली की थोरल्या चेल्या हसत. तिने ती माझ्या टेबलासमोर वाजवून दाखवली तेव्हा बाहेरचा कारकून धावत आत आला.

निर्वाण, म्हणजे खच्चीकरणाची रीत, तिने पुष्कळ उशिरा केलं. त्यानंतर चाळीस दिवस विश्रांती, आणि त्या दिवसांत आरशात बघायचं नाही अशी रीत आहे. “मंजे बघा,” ती म्हणाली, “आरसा तर आमचा शेवटी येतो.” ती जन्मापासून बाईच होती, याविषयी तिच्या मनात शंका नव्हती. पण कोणीतरी आधी ओळखावं लागतं, मग आपण आपल्याला ओळखतो, असा तिचा हिशेब होता. कबुली आणि तपासणीच्या कायद्यात हा हिशेब बसत नाही.

गुरूचं घर म्हणजे माहेर, असं चित्र मला रंगवायचं नाही. कमाईतला मोठा वाटा गुरूचा. सोडून जायचं तर दंड, दुसरी गुरू करायची तर तिने आधीचं देणं फेडायचं. मार खाल्लेल्या चेल्याही मी पाहिल्या. आणि त्या दाव्याचं सांगायचं तर तो तडजोडीत मिटला : चेल्यांनी घर सोडलं, पुतण्यांनी थोडे पैसे दिले. माझ्या मते कायद्याने तेव्हा त्याहून जास्त मिळालंच नसतं.

कायदा होता, तरी रीत कशी चालू राहिली याचा एक कागद माझ्या घरातच आहे. आजोबांची जमाखर्चाची वही, फसली १३४४ ची, म्हणजे १९३४-३५. धाकट्या काकांचा जन्म त्या साली झाला. सुइणीच्या लुगड्याखालच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलंय : ‘बधाई. रु. १ हाली. लुगडे १. तांदूळ, नारळ, हळदकुंकू.’ हाली म्हणजे निजामाचा शिक्का, इंग्रजी रुपयाहून थोडा हलका. आमचा सुलतान बाजार १९३३ पर्यंत रेसिडेन्सी बाजार होता, रेसिडेंटच्या ताब्यात. नंतर तो निजामाकडे परत आला. म्हणजे ही बधाई निजामाच्या हद्दीत, भर गल्लीत, ढोलक वाजवून झालेली. सरकारी नोकराने ती वहीत लिहिली आणि मनात काही आलं नाही. पण रजिस्टर उघडता येतं हे ज्याला ठाऊक, त्या पोलिसाला हप्ता द्यावाच लागे. अशा कायद्याचा खरा उपयोग तोच.

दखनमध्ये बाईचा वेष घेऊन फिरणारे दुसरेही होते. जाफर शरीफ या दखनी मुसलमानाचा ग्रंथ १८३२ मध्ये इंग्रजीतून छापला गेला. त्यात बांगड्या भरणाऱ्या, देवाच्या सुवासिनी म्हणवणाऱ्या मूसा सुहागच्या फकिरांचं वर्णन आहे. इकडे बोनालूत अंगात येऊन नाचणाऱ्या शिवसत्तूंमध्ये पुरुष म्हणून जन्मलेल्या पुष्कळ असतात; आपल्या जोग्त्यांसारख्या त्या यल्लम्माच्या. कोणाला फलाटावर ओळखणारी भेटली, कोणाला देवीने ओढलं, एवढाच फरक. मुलगी म्हणून जन्मून आपण पुरुष आहोत हे कळलेल्यांसाठी मात्र या शहरात ना घर होतं, ना गुरू, ना टाळी. त्यांना ओळखणारं कोणी रस्त्यात भेटत नसे. त्यांची भेट होऊ लागली ती अलीकडे, संघटनांत आणि फोनवर.

नंतरचा इतिहास लवकर सांगता येतो. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाने ‘नालसा’ निकालात म्हटलं की आपण कोण हे माणसाने स्वतः ठरवायचं, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. २०१९ च्या कायद्याने मात्र जिल्हाधिकाऱ्याचा दाखला आणून ठेवलाच. रजिस्टर गेलं नाही, मवाळ झालं. २०१८ मध्ये कार्यकर्त्या वैजयंती वसंता मोगली आणि त्यांच्या सोबत्यांनी फसली १३२९ च्या कायद्याला हायकोर्टात आव्हान दिलं. ६ जुलै २०२३ ला मुख्य न्यायमूर्ती उज्जल भुयान आणि न्या. सी. व्ही. भास्कर रेड्डी यांच्या खंडपीठाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला, त्याच मुसीकाठच्या इमारतीत. त्याआधी २०२२ मध्ये उस्मानिया सरकारी दवाखान्यात प्राची राठोड आणि रुथ जॉन पॉल या दोन ट्रान्सजेंडर डॉक्टर रुजू झाल्या होत्या. २०२४ च्या डिसेंबरात ३९ ट्रान्सजेंडर माणसं हैदराबादच्या वाहतूक पोलिसांना मदतनीस म्हणून चौकांत उभी राहिली. ज्या रस्त्यावर दिसणं गुन्हा होता, त्याच रस्त्यावर सरकारी पगारावर.

माझी पक्षकार बाई हे बघायला राहिली नाही. तिच्या नातीचेल्या आहेत, त्या अजून शहरवाल्यांत.

एक विनंती. हैदराबादेत, नांदेडात, परभणीत, औरंगाबादेत निजामाच्या काळापासून राहणाऱ्या मराठी घरांत माळ्यावर जमाखर्चाच्या वह्या असतात. त्या रद्दीत घालण्याआधी बारशा-लग्नाची पानं उघडून बघा. बधाईची नोंद सापडली तर साल, नाणं आणि दिलेल्या वस्तू उतरवून घ्या, आणि पान असेल तसं ठेवा. या लोकांविषयीच्या सरकारी कागदांत त्या संशयित म्हणून येतात. घरच्या वह्यांत त्या पाहुण्या म्हणून येतात, आणि कोर्टात दोन्ही बाजूंचा पुरावा लागतो.