लाल गोळीचं मूळ परळमध्ये



बचत गटाच्या बैठकीत गोळ्यांचा विषय निघाला की निम्म्या जणी हसतात. अंगणवाडीतून, आरोग्य केंद्रातून मिळालेली लाल गोळ्यांची पाकिटं किती घरांत फडताळात तशीच पडून असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. "मळमळतं," "शौचाला काळी होते," "फुकटच्या गोळीत काय असणार?" ही कारणं आम्ही ऐकली आहेत आणि खरं सांगायचं तर कधीकधी दिलीही आहेत. म्हणून आज या गोळीचा इतिहास सांगतो. तिच्यात दोन गोष्टी असतात, लोह आणि फॉलिक ॲसिड. त्यातल्या दुसऱ्या गोष्टीचा माग पहिल्यांदा लागला तो आपल्या जवळच, मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेतल्या कामातून.

साल 1928. त्या काळी मुंबईत गरोदर बायका एका विचित्र आजाराने खंगत होत्या. रक्त कमी व्हायचं, धाप लागायची, अंगावर सूज यायची आणि कित्येक जणी बाळंतपणात दगावायच्या. गरीब घरांतल्या, त्यातही कापड गिरण्यांत राबणाऱ्या बायकांमध्ये हे जास्त दिसे. डॉ. मार्गारेट बालफोर यांनी हा प्रश्न हाती घेतला होता. त्यांच्या सांगण्यावरून इंग्लंडहून डॉ. ल्युसी विल्स आल्या. त्यांचं पहिलं शिक्षण वनस्पतिशास्त्राचं. त्या डॉक्टर झाल्या 1920 साली, पण रुग्ण तपासण्यापेक्षा प्रयोगशाळेत रमल्या.

विल्सबाईंनी आधी जंतूंचा संशय घेतला. तपासण्या केल्या, काही सापडलं नाही. मग त्यांनी साधा प्रश्न विचारला, या बायका खातात काय? पाहिलं तर ज्यांच्या ताटात भाजी, फळं, दूध, अंडी जवळपास नव्हती, त्याच जास्त आजारी होत्या. तसाच आहार त्यांनी उंदरांना दिला, तर उंदरांनाही रक्तक्षय झाला. त्या आहारात यीस्ट घातलं, तर तो टळला. पुढे माकडांवरही हेच दिसलं.

तेव्हा जगात एक उपाय माहीत होता. 1926 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं होतं की एका प्रकारच्या रक्तक्षयावर जनावराचं काळीज खायला दिल्याने गुण येतो. पण काळजाचा अर्क महाग. विल्सबाईंनी मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्त अर्क बायकांना दिला. इंग्लंडमध्ये तो पावाला लावून खातात. बायका सुधारू लागल्या. 1931 साली त्यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. अर्कात नेमकं काय आहे ते कळलं नव्हतं, म्हणून लोक त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणत.

दहा वर्षांनी, 1941 साली, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून तो पदार्थ वेगळा काढला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून नाव पडलं फॉलिक ॲसिड. 1945 साली ते कारखान्यात तयार करण्याची रीत ज्या चमूने बसवली, त्याचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचा भाऊ संग्रहणीने गेला होता. त्याच आजारावर फॉलिक ॲसिड उपयोगी ठरलं.

1991 साली सात देशांत मिळून झालेल्या एका अभ्यासाने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. आधीचं मूल मेंदू किंवा मणक्याच्या व्यंगाचं झालेल्या आयांनी दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तर पुढच्या बाळाला तसं व्यंग होण्याचा धोका 72 टक्क्यांनी कमी झाला. बाळाचा मणका पहिल्या चार आठवड्यांत घडतो. तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून ही गोळी लवकर सुरू करायला सांगतात.

आता आपलं पाहू. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 100 बायकांमागे 54 जणींचं रक्त कमी निघालं. आधीच्या पाहणीत हा आकडा 48 होता. गोळी आली, तरी आकडा वाढला. याचा अर्थ गोळी खोटी असा नाही. ती पोटात गेली पाहिजे आणि ताटही बदललं पाहिजे.

आपली वसई तर भाजीची. पहाटे पाट्या घेऊन लोकलने मुंबईला जाणाऱ्या बायका आपण लहानपणापासून पाहतो. चांगली जुडी विकायला जाते, घरात उरते ती कोमेजलेली. आणि तीही सगळे जेवल्यावर उरली तर आपल्या वाट्याला. परळच्या त्या बायकांच्या ताटात पान नव्हतं. आपल्या दारात पान आहे, तरी ताटात नाही.

म्हणून सांगतो, रोज एक मूठ पालेभाजी स्वतःसाठी आधी बाजूला काढा. माठ, मेथी, पालक, पावसाळ्यात टाकळा, काहीही चालेल. भाजी धुऊन मग चिरा, फार वेळ शिजवू नका आणि शिजलेलं पाणी फेकू नका, कारण फॉलिक ॲसिड उष्णतेने नासतं आणि पाण्यात उतरतं. चवळी, मूग, हरभरा यांतही ते असतं. भाजीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह अडवतो. मांस, मासे, अंडी, दूध काहीच न घेणाऱ्यांनी बी-12 तपासून घ्यावं. ते पानात नसतं, आणि ते कमी असलं तर नुसत्या फॉलिक ॲसिडने आजार झाकला जाऊ शकतो.

गोळीने मळमळत असेल तर ती रात्री जेवणानंतर घेऊन पाहा. शौचाला काळी होते ती लोहामुळे, घाबरायचं कारण नाही. गरोदरपणात ही लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस घ्यायची असते. त्याआधीचे तीन महिने नुसतं फॉलिक ॲसिड. त्रास थांबत नसेल तर गोळी बंद करू नका, आशाताईला किंवा डॉक्टरांना सांगा.

विल्सबाईंनी तपासलेल्या त्या बायकांची नावं आज आपल्याला माहीत नाहीत. त्यांच्या दुखण्यातून सापडलेलं औषध मात्र आपल्या फडताळात आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपलं पाकीट घेऊन या. किती गोळ्या उरल्या आहेत, ते सगळ्या मिळून मोजू.