घर, कुटुंब आणि कामाची वाट : परळ ते वांगणी

१/ मुंबईतल्या सामान्य माणसाने घराकडून तीनच गोष्टी मागितल्या. भाडे किंवा किंमत खिशाला झेपावी, बायकामुलांसह राहता यावे आणि कामावर वेळेत पोहोचता यावे. या तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या, असे फार थोड्यांच्या बाबतीत घडले. बहुतेक पिढ्यांना तिन्हींपैकी एकीवर पाणी सोडावे लागले. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील कोणत्या पिढीने कशावर पाणी सोडले, त्याचा हिशेब मांडणारा हा धागा.

२/ सुरुवात गिरणीपासून. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवच्या कापडगिरणीची पायाभरणी केली आणि दोन वर्षांनी तिथे उत्पादन सुरू झाले. पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, शिवडी या पट्ट्यात धुराडी उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे येथून माणसे येत राहिली आणि या पट्ट्याला गिरणगाव हे नाव पडले.

३/ गिरणीत सर्वांची नोकरी कायम नसे. बदली कामगाराला रोज पहाटे फाटकाशी हजर राहावे लागे. जॉबरने नाव पुकारले, तरच त्या दिवसाची मजुरी. उधारीचा वाणी, ओळखीचा जॉबर, गाववाल्यांचा आधार, सारे त्याच गल्लीत. साहजिकच घर गिरणीच्या जवळ हवे. बोरीबंदर ते ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावू लागली होती. पण गिरणी कामगाराचे आयुष्य पायी अंतराने बांधलेले होते. १९२० च्या दशकातही दहापैकी सुमारे नऊ गिरणी कामगार कामापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर राहत होते.

४/ जागा जवळची आणि परवडणारी होती, कारण ती वाटून घेतलेली होती. कोकणातील व घाटावरील अनेक गावांच्या मंडळींनी मिळून खोल्या घेतल्या होत्या. एका खोलीत गावचे दहा-पंधरा पुरुष राहत. एका पाळीची माणसे कामावर गेली की दुसऱ्या पाळीची माणसे त्याच जागेवर पथारी टाकत. प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे भिंतीशी ठेवलेली एक पेटी. जेवण खानावळीत. खानावळी चालवणाऱ्या बहुधा स्त्रियाच असत, आणि त्यांचे घर हेच त्यांचे कामाचे ठिकाण असे.

५/ या व्यवस्थेत कुटुंबाला जागा नव्हती. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे साडेपाचशेहूनही कमी स्त्रिया होत्या. बायको गावी शेत राखत असे, म्हातारी माणसे सांभाळत असे आणि मनीऑर्डरची वाट पाहत असे. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत घरोघरी पोहोचली. त्यातले रूपक कामगाराला कोणी उलगडून सांगावे लागले नसावे. पहिल्या पिढीने घर मिळवले ते कुटुंबावाचून.

६/ १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उद्भवला. अंधाऱ्या, कोंदट खोल्या हे रोगाचे घर मानून सरकारने १८९८ साली मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन केले. मंडळाने वस्त्या पाडून सँडहर्स्ट रोड व प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले आणि काही चाळीही बांधल्या. मात्र आरंभीच्या काळात जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या बांधल्या गेल्या नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत शिरली, आणि ज्या दाटीवर उपाय योजला होता ती दाटी पुढच्या गल्लीत सरकली.

७/ याच मंडळाने दादर, माटुंगा, वडाळा, शीव येथील मोकळ्या जमिनीवर आखीव वसाहतींची योजना केली. ती प्रामुख्याने मध्यमवर्गासाठी होती. गिरगावच्या दोन खोल्यांत राहणारा कारकून, शिक्षक, वकील हळूहळू दादरच्या हिंदू कॉलनीकडे आणि पुढे शिवाजी पार्ककडे पाहू लागला. याच वर्गाने एक निराळी वाटही शोधली. एकट्याला न परवडणारे घर अनेकांनी मिळून उभारायचे, या विचाराने १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. देशातील सहकारी गृहनिर्माणाच्या आरंभीच्या प्रयोगांत ती गणली जाते.

८/ कामगारांसाठी मोठी योजना आली ती १९२० साली. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी विकास संचालनालय स्थापन करून पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोडला. खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसवला. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे काँक्रीटच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक. संचालनालयाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक त्यांना बीडीडी चाळी म्हणू लागले.

९/ पन्नास हजारांचा संकल्प साडेसोळा हजारांवर थांबला. गिरणीधंदा मंदीत होता आणि वरळीच्या खोल्या कामापासून दूर होत्या. कित्येक वर्षे त्या भाडेकरूंवाचून पडून राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात काही चाळींचा सरकारने तुरुंग केला. त्याच दशकात व्हिएन्नाची नगरपालिका घरांवर विशेष कर बसवून कामगार कुटुंबांसाठी साठ हजारांहून अधिक घरे बांधत होती. तिथे पाळणाघरे होती, धुलाईगृहे होती. मुंबईत मात्र कामगाराचे घर म्हणजे एक खोली, हेच गृहीत धरलेले होते.

१०/ तरीही कुटुंबे आली. काही गावचे शेत खंडल्यावर आली, काही मुलांच्या शिक्षणासाठी. दोन घटनांनी त्यांना आधार दिला. पहिली विजेची लोकल: ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी ती प्रथम धावली, आणि तीन वर्षांनी चर्चगेट–बोरिवली मार्गावर आली. कामाचे अंतर मैलांऐवजी मिनिटांत मोजले जाऊ लागले, आणि दोन्ही मार्ग जिथे जवळ येतात त्या दादरचे महत्त्व वाढले.

११/ दुसरी घटना म्हणजे भाडेनियंत्रण. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, मुंबईत त्याचा पहिला कायदा झाला. फाळणीच्या वर्षी आलेल्या १९४७ च्या कायद्याने त्याला पक्के रूप दिले. १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे प्रमाण ठरले. मालकाला मनमानी वाढ करता येईना, भाडेकरूला सहजी काढता येईना. भाडेकरूच्या निधनानंतर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जाऊ लागला.

१२/ गिरणगावातील कुटुंबाला मिळालेले हे पहिले खरे संरक्षण. एकट्या पुरुषांसाठी बांधलेल्या खोलीत आता मोरीशेजारी ओटा आला, वर पोटमाळा आला, गॅलरीत मुलांचा अभ्यास सुरू झाला. भजनी मंडळे, व्यायामशाळा, गणेशोत्सव, संपकाळात धान्य पुरवणारे शेजारी हे सारे त्या स्थैर्यावर उभे राहिले. जवळचे घर, झेपणारे भाडे आणि सोबत कुटुंब या तिन्ही गोष्टी काही दशके एकत्र नांदल्या. किंमत मोजली ती जागेने. दोन पिढ्यांचे संसार एका खोलीत मावले.

१३/ पण हे संरक्षण आत असलेल्यांना होते. बाहेरच्यांसाठी दार बंद होत गेले. गोठलेल्या भाड्यावर नवी चाळ बांधणे कोणाला परवडेना. मालकांनी दुरुस्ती सोडली. रिकामी खोली मिळायची तर पागडी मोजावी लागे. कायद्याने निषिद्ध असलेली ही रक्कम व्यवहारात सर्वमान्य झाली, आणि १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने तिला अखेर मान्यता दिली. कोसळणाऱ्या इमारतींसाठी १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. उपकरप्राप्त इमारतींची मूळ संख्या १९,६४२ होती, यावरून प्रश्नाचा आवाका कळतो.

१४/ घराचा हक्क बापाकडून एका मुलाकडे गेला. इतर मुलांची लग्ने ठरली की खोलीचा प्रश्न उभा राही. लालबागचा मुलगा डोंबिवलीत, गिरगावचा बोरिवलीत, परळचा बदलापूर किंवा विरारला गेला. १९८१ साली मुंबई शहर जिल्हा आणि तेव्हाचा ठाणे जिल्हा, दोन्हींची लोकसंख्या ३३ लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये शहराची ३१ लाखांखाली आली आणि ठाण्याची एक कोटी दहा लाखांवर पोहोचली. या पिढीला कुटुंब मिळाले, झेपणारी किंमतही मिळाली. तिने सोडले ते अंतर.

१५/ १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. उरली ती सुमारे ६०० एकर जमीन, शहराच्या ऐन मध्यावर. घर, कुटुंब आणि काम पुन्हा एकत्र आणण्याची अशी संधी मुंबईला पूर्वी आली नव्हती आणि पुढे येण्याचा संभव नव्हता.

१६/ १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तशी वाट दाखवली. गिरणीच्या जमिनीचे तीन भाग: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी गिरणीच्या संपूर्ण जमिनीची न होता केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीची होईल, असे ठरले. वाद न्यायालयात गेला आणि २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम उचलून धरला. म्हाडाच्या आणि उद्यानांच्या वाट्याला येणारी जमीन आकसली.

१७/ जे हाती आले, त्यातून गिरणी कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत २०१२ साली निघाली: ६,९२५ घरे, प्रत्येकी २२५ चौरस फूट, साडेसात लाख रुपयांत. २०२० च्या सोडतीत ३,८९४ घरे होती. कामगार व वारसांचे अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास, आणि आजवरच्या सोडतींतील घरे त्याच्या सुमारे एक-दशांश.

१८/ उरलेल्या जमिनीवर कचेऱ्या, मॉल आणि मनोरे उभे राहिले. काम परळमध्येच राहिले, काम करणारे मात्र आता लोकलने येऊ लागले. स्थानके आणि पूल गिरणीच्या काळातले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर सकाळच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला. दूरच्या घराची किंमत केवळ पासाच्या पैशात मोजता येत नाही, हे त्या दिवशी शहराने पाहिले.

१९/ उरलेल्या गिरणी कामगारांना आता शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याची योजना पुढे आली आहे. ही गावे बदलापूरच्याही पुढे, कर्जतच्या वाटेवर. जुलै २०२५ मध्ये कामगार आणि वारस आझाद मैदानात जमले. मुंबईतच घर हवे, ही त्यांची मागणी होती. ज्यांचे आजोबा पंधरा मिनिटांत गिरणीत पोहोचत, त्यांच्या नातवंडांसाठी हा लोकलचा दोन तासांच्या आसपासचा प्रवास आहे.

२०/ त्याच वर्षी, १४ ऑगस्टला, वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना पुनर्विकसित मनोऱ्यांतील पाचशे चौरस फुटांची घरे विनामूल्य मिळाली. शंभर वर्षांपूर्वी भाडेकरू मिळत नव्हते, त्याच जागेवर. तिन्ही गोष्टी एकत्र देणे अशक्य नाही, याचा हा पुरावा. पण १९४७ च्या कायद्याप्रमाणेच हे घरही आधीपासून आत असलेल्यांनाच मिळाले आहे. खोली सोडून गेलेला धाकटा भाऊ सकाळची बदलापूर लोकल पकडून दादरला उतरतो. त्याच्या वाट्याचा हिशेब अजून मांडायचा आहे.

(धागा समाप्त)