ब्लॅकजॅकची ‘बेसिक स्ट्रॅटेजी’ म्हणजे काय? पत्ता कधी घ्यायचा, कधी थांबायचं?

खेळाडूच्या हातात १६ गुण आहेत आणि डीलरचा उघडा पत्ता १० आहे. आणखी एक पत्ता घ्यायचा की थांबायचं? बरेच जण इथे निर्णय नशिबावर सोडतात. पण ब्लॅकजॅकमधल्या अशा प्रत्येक प्रश्नाचं गणिती उत्तर उपलब्ध आहे. त्यालाच ‘बेसिक स्ट्रॅटेजी’ म्हणतात.

खेळ थोडक्यात

२ ते १० या पत्त्यांना तेवढेच गुण, गुलाम-राणी-राजाला १० आणि एक्क्याला १ किंवा ११. बेरीज २१ च्या पुढे न जाता डीलरपेक्षा जास्त झाली पाहिजे. डीलरला स्वतःची मर्जी नसते. त्याने १६ पर्यंत पत्ता घ्यायचा आणि १७ झाले की थांबायचं.

मग कॅसिनोचा फायदा कुठे? खेळाडू आधी खेळतो. तो २१ च्या वर गेला की पैसे लगेच जातात. नंतर डीलरही २१ च्या वर गेला, तरी ते परत मिळत नाहीत.

हे गणित कुणी मांडलं?

अमेरिकी लष्करात काम करणाऱ्या रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझेल आणि जेम्स मॅकडरमॉट या चौघांनी टेबलावरच्या कॅल्क्युलेटरवर आकडेमोड करून १९५६ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी संगणकाच्या मदतीने हे गणित आणखी अचूक केलं. त्यांचं ‘बीट द डीलर’ हे पुस्तक १९६२ मध्ये आलं.

मुख्य नियम कोणते?

- एक्का नसताना १७ किंवा जास्त: थांबायचं.
- १३ ते १६: डीलरकडे २ ते ६ असेल तर थांबायचं, ७ किंवा वरचा पत्ता असेल तर पत्ता घ्यायचा. डीलरचा ६ उघडा असेल, तर तो २१ च्या वर जाण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के असते.
- १२: फक्त ४, ५, ६ समोर थांबायचं.
- ११: डीलरकडे २ ते १० असेल तर पैज दुप्पट करून एकच पत्ता घ्यायचा. हाच ‘डबल डाउन’. हातात १० गुण असतील, तर २ ते ९ समोर डबल.
- जोड्या: एक्के आणि अठ्ठे नेहमी वेगळे करायचे. दश्श्या आणि पंजे कधीच नाहीत.
- इन्शुरन्स: घ्यायचा नाही. त्यात पैजेच्या दुप्पट मिळतात, पण ५२ पैकी १० गुणांचे पत्ते फक्त १६, म्हणजे एक तृतीयांशाहून कमी.

आता सुरुवातीचा प्रश्न. १६ विरुद्ध १० असताना पत्ता घ्यायचा. तरीही १०० रुपयांच्या पैजेवर सरासरी ५४ रुपयांच्या आसपास जातात. थांबलं तर त्याहून किंचित जास्त जातात, एवढाच फरक.

मग जिंकण्याची खात्री आहे?

नाही. रील्समध्ये ‘हमखास फॉर्म्युला’ म्हणून दाखवली जाणारी ही पद्धत फक्त तोटा कमी करते. चांगले नियम असलेल्या टेबलावर कॅसिनोचा फायदा साधारण अर्ध्या टक्क्यावर येतो, शून्यावर नाही. ५०० रुपयांचे ६० डाव, म्हणजे ३०,००० रुपयांच्या पैजा. अर्ध्या टक्क्याने सरासरी तोटा १५० रुपये. अंदाजपंचे खेळणाऱ्याचा फायदा-तोटा २ टक्क्यांनी फिरला, तर हाच तोटा ६०० रुपये होतो. एखाद्या रात्री प्रत्यक्ष आकडा याच्या कितीतरी पुढे-मागे जाऊ शकतो.

टेबलावर काय लिहिलंय तेही महत्त्वाचं. पहिल्या दोन पत्त्यांतच २१ झाले तर ५०० रुपयांवर ३:२ दराने ७५० मिळतात, ६:५ दराने फक्त ६००. या एका बदलाने कॅसिनोचा फायदा सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. मग तक्ता कितीही पाठ असला तरी उपयोग थोडाच.

कायदा काय सांगतो?

गोव्यात परवानाधारक कॅसिनो कायदेशीर आहेत. पणजीत मांडवी नदीतल्या जहाजांवर ते चालतात. महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी नाही. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये मंजूर केला. त्यामुळे फोनवर ‘ब्लॅकजॅक खेळा, पैसे कमवा’ अशी लिंक आली, तर तिथे स्ट्रॅटेजीचा प्रश्नच येत नाही. ती उघडायचीच नाही.